राजव्वाचा उजवा डोळा

आमच्या गल्लीत दोन्ही अंगांना यंत्रमाग होते. सकाळी सुरू झाले की दिवसभर खटाखट. नव्या माणसाचं डोकं उठायचं, आम्हाला तो आवाज ऐकूसुद्धा यायचा नाही. बंद पडले की मात्र दचकायचो. वीज गेली तर सगळे एकदम बंद पडत. पण एका टोकाकडून एकेक करत थांबायला लागले, म्हणजे कुणीतरी गेलं. मयत गल्लीत असेतो माग चालवायचा नाही, अशी तिथली रीत होती. शेवटचा माग थांबला की त्या शांततेत राजव्वाच्या चपला ऐकू यायच्या. ती निघालेली असायची.

राजव्वा मयताचे डोळे मिटवायची. हे काम तिला कुणी दिलेलं नव्हतं. तिला पैसे कुणी देत नव्हतं, आणि त्या घरचा चहासुद्धा ती घेत नसे. एरवी ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. नवरा मल्लय्या मागावर. तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकर माणसं, घरात तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी. ही सत्तर सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा नुकती तिशीतली, दारात बसून विड्या वळायची. राजव्वा पन्नाशीला आलेली होती. उंच, हाडकुळी, काळी. कपाळावर मोठं कुंकू. ते ती आरशात न बघता अंगठ्याने लावायची आणि नेमकं मधोमध बसायचं. घरात आरसा होता, मल्लय्यामामांच्या दाढीचा. त्याच्याकडे ती कायम पाठ करून बसे.

"राजव्वा, तुला स्वतःचं तोंड आवडत न्हाय काय गं?" मी एकदा विचारलं.

"तुला आवडतंय न्हवं? मग तू बघ की," ती म्हणाली.

अशीच बोलायची. भाजीवालीला रडवायची, मुलांना शिव्या द्यायची. कुणी बरेच दिवस आजारी पडून असलं तर उंबऱ्यात उभी राहून त्यालाच विचारायची, "काय रे, किती वाट बघायला लावतोस?" आणि तो आजारी माणूस हसायचा. ती आवडावी अशी बाई नव्हती. पण तिच्यावाचून चालत नव्हतं.

माझे सासरे गेले तेव्हा मी तिला जवळून बघितलं. ती आली, बायकांना म्हणाली, "रडायचं ते बाहेर. हितं मला बघू द्या." मग उशाशी बसली, वाकली आणि त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. आधी एका, मग दुसऱ्या. घाई नाही. बघताना उजवा हात तिने पदरात गुंडाळून धरला होता. का, ते मी नंतर विचारलं. म्हणाली, "गार हात लागला तर पापणी दचकते." मग तो हात वरून खाली अगदी सावकाश आणला, तिथंच धरून ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "इंक चूडकु." म्हणजे तेलुगूत, आता बघू नकोस. हात उचलला तर डोळे मिटलेले. दुसऱ्या कुणी मिटवले की अर्धे उघडे राहायचे, मग वर नाणी ठेवा, पट्टी बांधा. तिने मिटवलेले कधी उघडले नाहीत.

"बघतेस काय इतकं त्यांच्या डोळ्यांत?" मी पुढे एकदा विचारलं.

"अजून हाय का गेलाय ते. आधी वरचं पाणी आटतं. मग दुधावर येते तशी साय येते. बाहुली मोठी होऊन बसते, समोर काडी पेटव न्हायतर कंदील धर, हलत न्हाय. मग सगळा डोळा मऊ पडतो, पिकल्या द्राक्षावानी. रक्त थांबलं की असंच हुतंय."

आमटीची कृती सांगावी तसं सांगत होती. मी माझ्या विडीला दोरा बांधत होते. तो नीट बसेना.

मग ती पडली. माळ्यावरून सुताचे गठ्ठे काढताना शिडी सरकली आणि डोकं उंबऱ्याच्या दगडावर आपटलं. थोडा वेळ शुद्ध नव्हती. उठली, पाणी प्याली, कामाला लागली. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आली आणि हसायलाच लागली.

"शांता, तुझ्या डोक्यावर तूच बसलीयस की गं!"

तिला सगळं दोन दोन दिसायला लागलं होतं. शेजारी शेजारी नाही, एकावर एक. खाली एक माणूस, त्याच्या वर तोच माणूस. खाली एक तांब्या, वर एक तांब्या. उजवा डोळा जरा वर चढल्यासारखा दिसत होता. मान डाव्या खांद्यावर टाकली की दोन्हींचं मिळून एक व्हायचं, म्हणून ती तशीच राहायला लागली. चालताना, बोलताना, कांड्या भरताना मान कलती. खांद्यावर कुणी बसून कानात काही सांगतंय आणि ही ऐकतेय, असं वाटायचं. पोरं तिच्या दारावरून जाईनाशी झाली.

खाली बघितलं की मात्र मान टाकूनही जमत नसे. आणि मयत तर जमिनीवरच असतं.

कोपऱ्यावरचा रंगारी गेला. माग थांबले, राजव्वा गेली. मीही मागे होते. ती बसली, वाकली, हात पदरात गरम केला. मग हात पुढे नेला तो रंगाऱ्याच्या तोंडापासून वीतभर वर. रिकाम्या हवेत. तिथेच वरून खाली अगदी सावकाश आणला, धरून ठेवला. "इंक चूडकु" म्हणाली. आणि खाली रंगाऱ्याचे डोळे सताड उघडे, तिच्या तळहाताकडे बघत असल्यासारखे.

मग रंगाऱ्याची बहीण किंचाळली.

त्या दिवसापासून गल्लीत पसरलं की राजव्वाला वर गेलेला जीव दिसतो. दोन-तीन बायका विचारायलाही आल्या, आमचा माणूस वरती काय म्हणत होता म्हणून. राजव्वाने त्यांना हाकललं. "डोळं बिघडलंय माझं. वर कोण न्हाय. जावा, सैपाक करा." मला मात्र संध्याकाळी म्हणाली, "शांता, वरचा जरा उशिरा हलतो."

"मयत कुठं हलतं, राजव्वा?"

"तेच म्हणते मी."

काही गोष्टी विचारू नयेत एवढी अक्कल मला होती.

नंतर तिला बोलावणं बंद झालं. माग थांबले की ती चपला घालून आपल्याच उंबऱ्यावर बसायची आणि वाट बघायची. कुणी येत नसे. एका घरात म्हातारीचे डोळे उघडेच राहिले, तिला तसंच नेलं. ते कळल्यावर ती दोन दिवस नीट जेवली नाही. मी म्हटलं, "एक डोळा झाकून घे, मग एकच दिसेल." माझ्यावर उसळली. "नेम धरायचाय काय मला? जाणाऱ्याकडं दोन्ही डोळ्यांनी बघायचं असतं." मग स्वतःच म्हणाली, "दवाखान्यात चल. मला हे काम परत पायजे."

डोळ्यांचा एक खाजगी दवाखाना तेव्हा नवा झाला होता. मल्लय्यामामांना डॉक्टरांचं मराठी समजत नसे, आणि मी चौथी पास, पाट्या वाचू शकत होते, म्हणून मीही गेले. डॉक्टर शांत माणूस. तिला पेन धरून वर बघ, खाली बघ, मान इकडे टाक, तिकडे टाक केलं. मग म्हणाले, डोक्याला मार लागून डोळा फिरवणाऱ्या एका शिरेवर परिणाम झालाय. वरचा आणि खालचा स्नायू सोडवून जागा बदलावी लागेल. मग त्यांनी भिंगातून डोळ्याच्या पांढऱ्या भागाकडे बघितलं आणि थांबले.

"बाई, या डोळ्याचं पूर्वी ऑपरेशन झालंय का?"

"न्हाय," राजव्वा म्हणाली.

"दोन्ही बाजूंना जुने वण दिसतायत."

"ल्हान असताना चुना गेला होता डोळ्यात."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ घेतली. पुढचं त्यांनी इतकं सोपं सांगितलं की मला अजून पाठ आहे. डोळ्याला चार बाजूंनी चार सरळ स्नायू असतात, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. आणखी दोन तिरके, त्यांचं सोडा. डोळ्याच्या पुढच्या भागाला रक्त मिळतं ते बरंचसं या चार स्नायूंच्या अंगावरून येणाऱ्या बारीक वाहिन्यांतून. विहिरीवरून पिकाला पाट यावेत तसं. स्नायू कापून सरकवला की त्याच्यावरचा पाट तुटतो. तो परत तसा जुळत नाही. लहान मुलांचं एक वेळ निभावतं, मोठ्या माणसाचं सांगता येत नाही. "म्हणून एका डोळ्याचे मी दोनच स्नायू सोडवतो. दोन पाट चालू राहिले की पीक जगतं. पण आधीच कुणी दोन तोडले असतील तर मला माहीत पाहिजे. मग मी या दोघांना हात लावणार नाही, दुसरा काही मार्ग बघेन. परत विचारतो. झालंय का?"

राजव्वाने मल्लय्यामामांकडे बघितलं. ते टोपी हातात घेऊन बसले होते, काही समजत नसल्यासारखे.

"न्हाय," ती म्हणाली. "चुनाच होता."

तंबाखूला लावायच्या चुन्याची डबी तेव्हाही तिच्या कमरेला होती.

ऑपरेशन झालं. पुढे तिनेच सांगितलं की टेबलावर झोपवल्यावर डॉक्टरांनी आणखी एकदा विचारलं होतं. तेव्हा नवरा जवळ नव्हता, मी नव्हते. तरी ती नाहीच म्हणाली. "एकदा तोंडातून गेलं ते गेलं," असं तिचं म्हणणं. मला तेव्हाही तिचा राग आला होता, आताही येतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डोळा सरळ होता. तिने मान सरळ केली, खाली फरशीकडे बघितलं, आपल्या पायांकडे बघितलं. "एक," ती म्हणाली. "एकच हाय." डॉक्टर हसले. मल्लय्यामामाही हसले. तेवढाच एक दिवस.

त्यानंतर डोळा ठणकायला लागला. सकाळी मी डबा घेऊन गेले तर डॉक्टर तिच्यावर वाकले होते. बुबुळावर धुकं आलं होतं, खिडकीच्या काचेवर तोंडाची वाफ सोडावी तसं. डॉक्टरांनी तिला डोळा मिटायला सांगून पापणीवरून बोटांनी हलकेच दाबून बघितला. बॅटरीचा झोत टाकला. बाहुली हलली नाही.

"मऊ लागतोय," ते सिस्टरला म्हणाले, अगदी हळू.

राजव्वाने ते ऐकलं. उठून बसली. "आरसा द्या," म्हणाली.

इतक्या वर्षांत मी तिला आरसा मागताना ऐकलं नव्हतं. सिस्टरने हातातला लहान आरसा दिला. राजव्वाने तो जवळ धरला आणि स्वतःच्या उजव्या डोळ्यात बघत राहिली. माझ्या सासऱ्यांच्या डोळ्यांत बघितलं होतं तशीच, घाई नाही. मग आरसा पालथा ठेवला.

"डॉक्टर, ह्यो गेलाय," ती म्हणाली. "मी बाकीची हाय, ह्यो तेवढा पुढं गेला."

सिस्टर मागे सरली. डॉक्टर मात्र तिथेच उभे राहिले. "बाई, आता तरी खरं सांगा. औषधही त्यावर ठरणार आहे."

तिने सांगितलं. नवऱ्यादेखत, आधी मराठीत आणि मग, त्याला कळावं म्हणून, तेलुगूत. लहानपणी ती तिरळी होती. उजवा डोळा नाकाकडे वळलेला. लग्नाआधी आईने गुपचूप मिशनच्या दवाखान्यात नेऊन दोन्ही बाजूंचे स्नायू कापून डोळा सरळ करून आणला. मग मल्लय्याची आत्या बघायला आली. तिने पोरीला दिव्यासमोर बसवलं, वात इकडून तिकडे फिरवून डोळे तपासले, पसंत केली आणि म्हणाली, आमच्या घरात तिरळी चालत नाही, पोरं तशीच होतात. त्या रात्री आईने तिच्याकडून शपथ घेतली, ऑपरेशनचं कुणाला सांगायचं नाही. आई मेली, आत्या मेली, पोरं झालीच नाहीत. शपथ तेवढी राहिली.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "चारही पाट तुटले. दोन तेव्हाचे, दोन मी तोडलेले." थेंब लिहून दिले, गोळ्या दिल्या, रोज बोलावलं. "डोळा जागेवर राहील. दिसणं किती राहील, सांगता येत नाही."

आम्ही रिक्षाने घरी आलो. दारात उतरल्यावर मल्लय्यामामा मोडक्या मराठीत माझ्याकडे बघून बोलले, ते तिलाच होतं. "डोळा गेला चालंल, पण मला कळू नये. असा कसा हिशेब गं? मी काय राक्षस होतो?"

त्यानंतर त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. सोडलं नाही, मारलं नाही, जेवण तिच्याच हातचं खात. बोलायचं फक्त नाही. पण तिला स्वतःला थेंब घालता येत नसत, गालावरच पडायचे. तर दिवसातून जितक्या वेळा डॉक्टरांनी सांगितलं होतं तितक्या वेळा ते माग थांबवून घरी येत, तिची हनुवटी धरत आणि म्हणत, "पैकी चूडु." वर बघ. थेंब घालत आणि निघून जात. दिवसभरात तिच्याशी बोललेले तेवढेच शब्द. थेंब बंद करायला सांगितल्यावर ते शब्दही संपले.

हळूहळू धुकं गेलं, पण डोळा पहिल्यासारखा झाला नाही. आतला काळा रंग उडाला. कुठे राख, कुठे पिवळट, धुतलेल्या कापडासारखा. बाहुली गोल राहिली नाही, एका बाजूला ओढली गेली. उजेडात लहान होत नसे, अंधारात मोठी होत नसे. तिला त्यातून धूर दिसायचा, बस. आता तिला काहीच दोन दिसत नव्हतं. मान सरळ झाली. आणि गल्लीला ती जास्तच भयानक वाटायला लागली. तिरकी मान करून बघायची तेव्हा लोक नजर चुकवत होते, आता सरळ बघायला लागली तर दार लावून घेत.

"मिळालं की तुला एक," मी एकदा रागाने म्हणाले.

"मिळालं," ती म्हणाली. "आता कोण बोलवतंय बघू."

कुणी बोलावलं नाही. वर्ष गेलं, दुसरं लागलं.

मल्लय्यामामा दुपारी गेले, मागावरच. छातीला हात लावून खाली बसले ते उठले नाहीत. घरी आणून निजवलं. त्यांच्याकडची वडीलधारी माणसं जमली. एकजण म्हणाला, बायकोने मिटवायचे नाहीत, दुसऱ्या कुणालातरी बोलवा. राजव्वा म्हणाली, "दुसरी कोण हाय? दाखव." तो बाजूला सरला. ती उशाशी बसली. मी पायांशी होते.

वाकली. आधी एका डोळ्यात बघितलं, मग दुसऱ्या. त्यांच्या डोळ्यांवरचं पाणी आटलं होतं. तिचं तोंड त्यांच्या तोंडाच्या इतकं जवळ होतं की मला तिन्ही डोळे एका ओळीत दिसत होते, त्यांचे दोन आणि तिचा उजवा. सांगते ते खरं सांगते, तिन्हींत फरक नव्हता. तिच्या डोळ्याची पापणी हलत होती, एवढाच.

हात पदरातून काढला. सगळे बघत होते, हात कुठे पडतो. नेमका पडला. पहिल्याच खेपेला. खाली आणला, धरून ठेवला. "इंक चूडकु" तिने म्हटलं नाही. ती तेलुगूत काहीतरी दुसरं बोलत राहिली, भरभर, पुष्कळ, जसं कुणी बरेच दिवस बोलायचं राहिलेलं बोलतं. मला त्यातलं अक्षर कळलं नाही आणि ज्यांना कळलं ते बाहेर निघून गेले. मग मला विचारलं, "शांता, मिटलं का?"

"मिटलं."

"दोन्ही?"

"दोन्ही."

तेरावं झाल्यावर तिचा भाऊ येऊन तिला गावाकडे घेऊन गेला. मी तेव्हा मंद्रूपला माहेरी होते, परत आले तर घराला कुलूप. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही, मी चौकशीही केली नाही. मला ती दिसते ती त्या दुपारचीच. तिरडी उचलली तेव्हा ऊन समोरून येत होतं, चैत्रातलं सोलापूरचं ऊन. दारात उभ्या असलेल्या आम्ही सगळ्या बायकांनी डोळ्यांवर हात धरले. राजव्वाने धरला नाही. तिचा डावा डोळा उन्हाने आणि पाण्याने घट्ट मिटला होता. उजवा उघडा होता. ऊन सरळ त्यात जात होतं आणि ती ओढलेली बाहुली जराही हलत नव्हती. तिरडी गल्लीच्या तोंडाला वळेपर्यंत ती त्या एका डोळ्याने बघत राहिली.